दोनशे चाळीस मोल्ड, पण वाळू दोनच दिवसांची : एका फाउंड्रीतील ट्रायलचं प्रकरण

कोल्हापूर परिसरातल्या एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीतली, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यातली, ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. ट्रायलचा आराखडा माझा होता, विश्लेषणही माझं आणि पहिली चूकही माझीच. त्यामुळे कुणाला वाईट वाटायचा प्रश्न नाही.

पार्श्वभूमी

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात बिडाच्या कास्टिंगचं काम मोठं आहे. ही फाउंड्री त्यातलीच. विजेची इंडक्शन फर्नेस (भट्टी), ग्रीन सँड म्हणजे माती मिसळलेली ओलसर वाळू, आणि ती जोल्ट-स्क्वीझ मशीनवर ठोकून-दाबून मोल्डिंग, म्हणजे साचे बनवणं. ज्या पार्टबद्दल बोलतोय तो पंपाचं कव्हर, एफजी २६० ग्रेड, वजन चारेक किलो, आत एक कोअर, म्हणजे कास्टिंगमधली पोकळी राखायला मोल्डमध्ये बसवलेला वाळूचा तुकडा. वाळू मिक्सरमध्ये घाण्याघाण्याने तयार व्हायची आणि एका घाण्यातून या पार्टचे जेमतेम वीस-बावीस मोल्ड निघायचे. हा वीसचा आकडा पुढे महत्त्वाचा ठरतो.

ओतकामानंतर बॉक्स फोडले की तीच वाळू चाळणीतून, बेल्टवरून फिरून परत मिक्सरच्या हॉपरमध्ये येते. तिला रिटर्न सँड म्हणतात. तिच्यात थोडं बेंटोनाइट (चिकट माती), थोडी कोल डस्ट (कोळशाची पूड) आणि पाणी घातलं की पुढचा घाणा तयार.

अडचण

कव्हरच्या कोअरकडच्या बाजूला ब्लोहोल, म्हणजे धातूत वायू अडकून झालेली भोकं, निघत होते. बाहेरून कास्टिंग चकचकीत, शॉट ब्लास्टनंतरही (छऱ्यांच्या माऱ्याने सफाई केल्यावरही) काही दिसायचं नाही. मशीन शॉपमध्ये पहिला कट गेला की भोक उघडं पडायचं. ब्लोहोलचं रिजेक्शन आठ-नऊ टक्क्यांवर अडकलं होतं, शिवाय दोन टक्के सँड इन्क्लुजन, म्हणजे धातूत अडकलेली वाळू. ग्राहकाने पत्र पाठवलं होतं आणि मालकांना उत्तर द्यायचं होतं.

फाउंड्रीत कारणांना तोटा नसतो. मेल्टिंगवाले म्हणत वाळू ओली आहे. मोल्डिंगवाले म्हणत धातू गार पडतो. कोअर शॉपकडे सगळेच बोट दाखवत. मी क्वालिटीत होतो, सांख्यिकीचा एक कोर्स करून नुकताच परतलो होतो. म्हटलं, भांडण कशाला, ट्रायल घेऊ आणि आकड्यांनाच बोलू देऊ.

पहिली ट्रायल

तीन घटक, प्रत्येकाच्या दोन पातळ्या. वाळूतला ओलावा ३.२ आणि ३.८ टक्के, कोल डस्ट कमी आणि जास्त, ओतण्याचं तापमान १,३७० आणि १,४१० अंश. एकूण आठ जोडण्या. त्यासाठी तागुची पद्धतीचा एल-८ तक्ता घेतला, म्हणजे आठ ओळींपैकी कुठल्या ओळीत कुठल्या घटकाची कुठली पातळी ठेवायची ते सांगणारा छापील तक्ता. या तक्त्यांमागच्या ऑर्थोगोनल ॲरेचं (समतोल मांडणीचं) गणित सांख्यिकीतज्ज्ञ सी. आर. राव यांनी १९४० च्या दशकात कोलकात्यात मांडलं होतं. ते मी त्या कोर्समध्ये ऐकलं होतं आणि मीटिंगमध्ये अभिमानाने सांगूनही टाकलं.

आता निर्णयाची पहिली जागा. एल-८ च्या पहिल्या स्तंभात आधी चार वेळा पातळी १ येते, मग चार वेळा पातळी २. म्हणून जो घटक बदलायला सगळ्यात कटकटीचा, तो पहिल्या स्तंभात ठेवायचा असं शिकवलं जातं. आमच्याकडे ओलावा बदलणं कटकटीचं होतं. तो पहिल्या स्तंभात गेला, आणि ट्रायल तक्त्यात छापलेल्या क्रमानेच झाली. पहिल्या चार ओळींचे मोल्ड पहिल्या दिवशी, उरलेले दुसऱ्या दिवशी. दर ओळीला ३० मोल्ड, एकूण २४०.

पहिला दिवस साप्ताहिक सुट्टीनंतरचा होता, सकाळीच सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या हीट (भट्टीतल्या धातूच्या फेऱ्या) एका तातडीच्या ऑर्डरला गेल्या, आमची पाळी जेवणानंतर आली. ट्रायलच्या कागदावर यातलं काहीच नव्हतं. कागदावर वेळेचा रकानाच नव्हता.

निकाल : कमी ओलाव्याच्या १२० मोल्डमध्ये ६ खराब, जास्त ओलाव्याच्या १२० मध्ये १८. सॉफ्टवेअरने पी-व्हॅल्यू, म्हणजे ओलाव्याचा काहीच परिणाम नसता तर निव्वळ योगायोगाने निदान एवढा फरक दिसण्याची शक्यता, ०.०१ दिली. कोल डस्टचा फरक नगण्य निघाला आणि तापमानाचा अस्पष्ट. ओलावा तिप्पट रिजेक्शन देतो, एवढंच एक वाक्य मी स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं.

मीटिंगमध्ये मोल्डिंगचे सुपरवायझर बसले होते. वयाने आणि अनुभवाने सगळ्यांत मोठे, सगळे त्यांना मामा म्हणत. ते एवढंच म्हणाले, "साहेब, दुसऱ्या दिवशी वाळू चटका देत होती." मी मान डोलावली आणि पुढची स्लाइड लावली.

पहिला उपाय आणि त्याचा परिणाम

ओलावा ३.२ वर आणला. तीन आठवडे तसं चाललं. ब्लोहोल जिथल्या तिथे राहिले. उलट मोल्डच्या कडा ठिसूळ झाल्या, कोपरे पडू लागले, सुटी वाळू धातूत जाऊन सँड इन्क्लुजन दोन टक्क्यांवरून पाचाच्या वर गेलं. म्हणजे जुनं दुखणं कायम आणि वर एक नवं.

मालकांनी बोलावलं. रागावले नाहीत, पण म्हणाले, "आकडे खोटं बोलत नाहीत म्हणाला होता तुम्ही." असं मी खरंच म्हणालो होतो.

काय बिघडलं होतं

मी ट्रायलचे कागद घेऊन मामांकडे गेलो. चटका देत होती म्हणजे किती, हे विचारायला. त्यांच्याकडे आकडा नव्हता, पण हात होता : सकाळी वाळू मुठीत धरता येते, दुपारी तीन-चारनंतर हॉपरमधली वाळू हातात फार वेळ धरवत नाही. दिवसभर ओतलेल्या धातूची उष्णता घेऊन तीच वाळू पुन:पुन्हा फिरते, थंड व्हायला तिला वेळच मिळत नाही.

गरम वाळूचा त्रास फाउंड्रीच्या कुठल्याही जुन्या माणसाला माहीत असतो. तिच्यातून वाफ सुटत राहते आणि ती गार पृष्ठभागावर, म्हणजे पॅटर्नवर, कोअरवर, दव धरावं तशी बसते. कोअर बसवून बॉक्स बंद केला आणि ओतायला थोडा उशीर झाला, की कोअर ओलावा ओढून घेतो. आमची भोकं कोअरच्याच बाजूला होती! पुरावा डोळ्यांसमोर होता, पण मी तक्त्यात ज्याला स्तंभ आहे तेवढ्याच गोष्टी बघत होतो.

आकडेशास्त्राच्या भाषेत चूक दोन थरांची होती. ओलावा आणि दिवस एकमेकांत पूर्ण गुंतले होते, हा वरचा थर. गार वाळू म्हणजे कमी ओलावा, गरम वाळू म्हणजे जास्त ओलावा. कुठल्यामुळे काय झालं ते त्या आकड्यांतून कुठलंही सॉफ्टवेअर वेगळं करू शकत नव्हतं.

खालचा थर जास्त फसवा. मी २४० मोल्ड २४० सुटे पुरावे म्हणून मोजले. ओलावा काही मोल्डगणिक बदलला नव्हता. हे मामांना सांगताना मला ऊस आठवला, कारण त्यांचा दोन एकर ऊस होता.

"मामा, खत सरीगणिक वेगळं टाकता येतं ना? पण मोटरचं पाणी सोडलं की अख्ख्या तुकड्याला जातं. एका तुकड्याला कमी पाणी दिलं, दुसऱ्याला जास्त. दोन्हींत मिळून अडीचशे सऱ्या आहेत. आता पाण्याचा फरक बघायचा तर तुमच्याकडे उदाहरणं किती?"

"दोनच की. तुकडं दोन हाईत."

अशा तुकडा-आणि-सरीच्या मांडणीला स्प्लिट-प्लॉट म्हणतात, आणि हा प्रकार खरोखरच शेतातून आलेला आहे. इंग्लंडातल्या रॉदमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात सांख्यिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये रुजू झाले आणि पुढच्या काही वर्षांत तिथे प्रयोगांची जी शिस्त बसली तिच्यातलाच हा एक भाग : काही गोष्टी मोठ्या तुकड्याला लागू होतात, काही त्याच्या आतल्या छोट्या वाफ्याला, आणि दोन्हींची चूक वेगवेगळी मोजावी लागते. कारखान्यात तर बहुतेक ट्रायल अशाच असतात. भट्टीचं तापमान, वाळूचा घाणा, पेंटचा लॉट, हे सगळे तुकडे आहेत. आपण मात्र सऱ्या मोजतो.

कोणते पर्याय होते

तीन वाटा समोर होत्या. पहिली, ट्रायलचं नाव सोडून थेट सँड कूलर घ्यायचा. कारण पटण्यासारखं होतं, पण खर्च मोठा आणि आधीच एकदा तोंडघशी पडलेलो. दुसरी, रोजच्या उत्पादनाचे जुने आकडे काढून त्यांवर रिग्रेशन, म्हणजे कशाबरोबर काय किती बदलतं ते सांगणारं समीकरण, बसवायचं. हे मला सोपं वाटलं होतं. रजिस्टर उघडलं तेव्हा कळलं की वाळूचं तापमान कुठेच नोंदवलेलं नाही, आणि ओलाव्याच्या रकान्यात महिनोन्महिने एकच आकडा आहे. एवढा स्थिर ओलावा निसर्गात नसतो, तो फक्त रजिस्टरमध्ये असतो. तिसरी वाट म्हणजे ट्रायल पुन्हा, पण नीट.

तिसरी घेतली. मालकांना पटवताना एक गोष्ट कामी आली : ट्रायलमधली खराब कास्टिंग भट्टीतच परत जातात, नुकसान होतं ते वीज, मोल्डिंग आणि वेळेचं. त्यांनी चार दिवस दिले. मी आठ मागितले होते.

दुसरी ट्रायल

एप्रिलचे चार दिवस. रोज सकाळी शिफ्ट सुरू होताना दोन घाणे आणि दुपारी पाच-सहा तास ओतकाम झाल्यावर दोन. हॉपरमध्ये थर्मामीटरची प्रोब खुपसून तापमान नोंदवलं : सकाळी ३४ अंशांच्या आसपास, दुपारी ५२ च्या. दर वेळच्या दोन घाण्यांपैकी एक ३.२ ओलाव्याचा, एक ३.८ चा, आधी कुठला ते चिठ्ठी टाकून. दर घाण्याचे २० मोल्ड, त्यातले दहा १,४१० अंशांच्या लॅडलने (धातू ओतायच्या पात्राने) आणि दहा १,३७० च्या, तीही चिठ्ठी. कोल डस्ट नेहमीचीच ठेवली, चार दिवसांत चौथा घटक कोंबायचा नाही असं ठरवलं. मशीन शॉपमध्ये तपासणाऱ्या मुलाला कास्टिंगवरचा नंबर दिसत होता, पण नंबराचा अर्थ माहीत नव्हता.

वीसपैकी खराब किती, ते असं निघालं :

| दिवस | गार वाळू, ३.२ | गार वाळू, ३.८ | गरम वाळू, ३.२ | गरम वाळू, ३.८ |
|---|---|---|---|---|
| १ | १ | ० | ३ | ४ |
| २ | ० | १ | २ | २ |
| ३ | १ | १ | ४ | ५ |
| ४ | १ | १ | २ | ४ |

या वेळी मॉडेल चालवण्याआधी कागदावर हिशोब केला. ओलाव्यासाठी तुलना एकाच वेळच्या दोन घाण्यांची, म्हणजे आठ जोड्या. जास्त ओलाव्याचे खराब वजा कमी ओलाव्याचे : -१, १, ०, ०, १, ०, १, २. सरासरी अर्धा मोल्ड, टी (सरासरी फरक त्याच्या प्रमाण चुकीच्या किती पट) १.५, पी-व्हॅल्यू साधारण ०.१७. जिथे आधी ०.०१ होती तिथे आता हे. पहिल्या ट्रायलमधला 'तिपटीचा' ओलावा इथे १६० पैकी १४ आणि १६० पैकी १८ एवढाच उरला.

वाळूच्या तापमानासाठी एकक दिवस, म्हणजे फक्त चार फरक. दर दिवशी ४० मोल्डमागे दुपारी जास्त खराब किती : ६, ३, ७, ४. सरासरी ५. टी ५.५, स्वातंत्र्यांश तीन (चार फरक, वजा एक), पी-व्हॅल्यू ०.०१२ च्या आसपास. चारच आकडे आहेत म्हणून ९५ टक्के खात्रीचा पट्टाही रुंद आला : दुपारच्या वाळूने रिजेक्शन ५ ते २० टक्क्यांच्या बिंदूंनी वाढतं. रुंद आहे, पण सगळा शून्याच्या एकाच बाजूला आहे. आणि तो प्रामाणिक आहे, ३२० मोल्डची खोटी श्रीमंती दाखवत नाही.

त्यानंतर घाणा आणि दिवस यांना यादृच्छिक परिणाम धरून, म्हणजे प्रत्येकाचा आपापला चढउतार हिशोबात घेऊन, लॉजिस्टिक मॉडेल बसवलं. खराब-चांगलं अशा हो-नाही उत्तराला साधं रेषीय रिग्रेशन लावलं की ते कुठेतरी शून्याखालची टक्केवारी देतं, म्हणून लॉजिस्टिक. त्यातून कामाचा आकडा मिळाला : वाळू १० अंशांनी तापली की खराब निघण्याचे ऑड्स (खराब आणि चांगल्यांचं गुणोत्तर) सुमारे अडीच पट. त्या वक्रावर ४० अंशांना साधारण ६ टक्के रिजेक्शन येतं, ४५ ला ९ च्या वर. मालक ४५ ची मर्यादा ठेवू म्हणत होते, कारण एका पुरवठादाराने तसं सांगितलं होतं. वक्र पाहून ४० ठरली. दोनच तापमानांमधून काढलेला वक्र मधल्या जागी किती खरा, ही शंका मला होती आणि मी ती बोलूनही दाखवली. या वेळी स्लाइड नव्हती, एक कागद होता.

ओतण्याच्या तापमानाचं मात्र भिजत घोंगडं राहिलं. गरम वाळूत १,३७० ला ८० पैकी १७ खराब, १,४१० ला ८० पैकी ९. दिशा मेल्टिंगवाल्यांच्या विरोधात आणि मामांच्या बाजूची, पण पी-व्हॅल्यू ०.०९, आणि तीही मोल्ड सुटे धरून. खरं एकक लॅडल होतं. तापमान वाढवायचं तर विजेचं बिल आहे आणि वाळू जळून कास्टिंगला चिकटण्याची भीती आहे. म्हणून त्याला हात लावला नाही.

काय केलं

ओलावा परत ३.६ च्या आसपास आणला, सँड इन्क्लुजन आठवड्याभरात खाली आलं. कूलर घेतला नाही. रिटर्न बेल्टवर पाण्याचे दोन फवारे आणि पुढे दोन पंखे बसवले, बेल्टवर वाळू उलटीपालटी व्हावी म्हणून लोखंडी पट्ट्यांचा नांगर लावला. पाण्याची वाफ होताना ती वाळूतली उष्णता घेऊन जाते, तत्त्व माठाचंच. चक्रात जास्तीची वाळू भरली, म्हणजे प्रत्येक कणाला विश्रांती थोडी जास्त. हॉपरला कायमचं थर्मामीटर आणि शेजारी रजिस्टर. वाळू ४० च्या वर गेली की कव्हरचं मोल्डिंग थांबवून कोअर नसलेला पार्ट घ्यायचा, हा नियम मामांनी सुचवला. एका पैशाचा खर्च नाही.

निकाल, आणि त्यावरची शंका

फवारे जूनमध्ये सुरू झाले. जुलैत ब्लोहोल पाच टक्क्यांवर. सगळे खूश.

मला मात्र पहिल्या ट्रायलची आठवण येत होती. एप्रिलमधला कोल्हापूरचा उन्हाळा आणि जुलैतला पाऊस यांत हवाच इतकी बदलते की वाळू आपोआप थोडी गार राहिली असणार. आधी उन्हाळा आणि फवारा बंद, नंतर पावसाळा आणि फवारा चालू. म्हणजे पुन्हा तीच गुंतवळ, फक्त दिवसांऐवजी ऋतूंची.

मी मालकांना सांगितलं, काही दिवस चिठ्ठी टाकून फवारा बंद ठेवू. ते म्हणाले, "चांगलं चाललेलं मुद्दाम बिघडवायचं?" त्यांच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. बरीच घासाघीस होऊन सहा दिवस मिळाले, तीन चालू, तीन बंद, आणि ४० चा नियम तेवढ्यापुरता बाजूला. दुपारचे १०० मोल्ड रोज तपासले. बंद दिवशी खराब १२, ९, ११ आणि वाळू ४८ अंशांच्या जवळपास. चालू दिवशी ५, ४, ६ आणि वाळू ४० च्या जवळपास. सहा दिवसांतून तीन निवडायच्या वीस पद्धती होतात. फवाऱ्याचा काहीच गुण नसता, तर तिन्ही चांगले दिवस नेमके फवाऱ्याच्याच चिठ्ठीला येण्याची शक्यता वीसात एक. हा हिशोब मालकांनी स्वतः बोटांवर करून पाहिला, आणि त्यांना तो पी-व्हॅल्यूपेक्षा जास्त पटला. आकडे वक्राच्या अंदाजाच्या, म्हणजे १२ आणि ६ टक्क्यांच्या, किंचित खालीच आले.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या ट्रायलमध्ये ओलावा एका दिवसात दोनदा बदलला असता तर कटकट झाली असती, पण तीन आठवड्यांचं सँड इन्क्लुजन वाचलं असतं. बदलायला अवघड घटक पहिल्या स्तंभात ठेवणं चूक नाही. चूक होती ती तो एकदाच बदलण्यात, आणि नंतर विश्लेषण करताना हे विसरण्यात. तक्ता छापील क्रमाने चालवणार असाल तर निदान तो पूर्ण दोनदा चालवावा, दुसऱ्यांदा उलटा.

ट्रायलच्या कागदावर वेळ, हवा, वाळूचं तापमान, ओतेपर्यंतची मिनिटं असे बिनकामाचे वाटणारे रकाने हवे होते. त्यातला एक जरी असता तरी पहिल्याच आठवड्यात शंका आली असती. ट्रायल आखताना मी मेल्टिंग आणि क्वालिटीला बोलावलं, मोल्डिंगला फक्त कळवलं. मामा आखणीच्या मीटिंगला असते तर घटकांच्या यादीत वाळूचं तापमान पहिल्याच मिनिटाला आलं असतं.

दुसऱ्या ट्रायलमध्येही मधलं तापमान, साधारण ४३ अंश, घ्यायला हवं होतं. अकराच्या सुमारास दोन घाणे जास्तीचे, एवढाच खर्च. तो वक्र जमला यात थोडं नशीब आहे.

ओतण्याच्या तापमानाचा प्रश्न अजून तसाच आहे. उरलेल्या पाच टक्क्यांत त्याचा वाटा असावा असं मामांना वाटतं आणि मलाही. आठ टक्के आणि पाच टक्के यांतला फरक खात्रीने ओळखायचा तर प्रत्येक बाजूला हजारावर मोल्ड लागतील, तेही लॅडल एकक धरण्याआधी. तो हिशोब मी मालकांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी आकडा वाचला आणि विचारलं, "दिवाळीनंतर बघायचं का?"